फिल्मवर चांगल्या, मिररलेसवर ‘गेलेल्या’: तीन टाकुमार लेन्सचं प्रकरण

रत्नागिरी परिसरातला एक स्टुडिओ. लग्नं, साखरपुडे, बारशी आणि अलीकडे प्री-वेडिंग. आधीच्या पिढीने हाच धंदा फिल्मवर केला. त्यांच्या कपाटात आसाही कंपनीचा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक कॅमेरा आणि तीन सुपर-टाकुमार लेन्स होत्या: ५० मिमी एफ १.४, ३५ मिमी एफ ३.५ आणि १३५ मिमी एफ ३.५. आता स्टुडिओ सोनी ए७ III या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, डिजिटल कॅमेऱ्यावर काम करतो. एका जोडप्याने प्री-वेडिंगसाठी ‘फिल्मसारखे’ फोटो मागितले. म्हणून जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारा स्वस्तातला अडॅप्टर ऑनलाइन मागवून तिन्ही लेन्स सोनीवर चढवून पाहिल्या.

निकाल निराशाजनक होता. ५० मिमीचे फोटो पिवळे आणि धुरकट आले, शिवाय उजवी बाजू डावीपेक्षा मऊ. ३५ मिमीची फोकस रिंग अनंतावर (सगळ्यात दूरच्या खुणेवर) टेकवली की समुद्राची कड धूसर व्हायची. १३५ मिमीचे निम्मे फोटो हललेले. वर ॲपर्चरची (प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या पात्यांची) रिंग फिरवूनही कॅमेऱ्यात काही फरक पडेना. स्टुडिओने निष्कर्ष काढला की लेन्स गेल्या, विकून टाकाव्यात, आणि फिल्मसारखं हवं तर सरळ फिल्मच वापरावी.

पण याच लेन्सने काढलेले अल्बम स्टुडिओत होते आणि त्यांतले फोटो खणखणीत होते. तेव्हा खरा प्रश्न असा, की फिल्मवर न दिसणारे दोष डिजिटलवर का दिसायला लागले? अशा वेळी सगळ्या तक्रारींना एकच कारण शोधायला गेलं की फसगत होते. इथे प्रत्येक तक्रारीचं मूळ वेगळं निघालं. त्यांतलं काचेत होतं ते थोडं, बाकीचं अडॅप्टरमध्ये आणि कॅमेऱ्याच्या मेनूत.

आधी अडॅप्टर

या तिन्ही लेन्स एम ४२ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जागा), म्हणजे ४२ मिमी व्यासाच्या आणि १ मिमी पिचच्या आट्यांच्या. माउंटच्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी. सोनी ई माउंटचं तेच अंतर १८ मिमी. म्हणजे अडॅप्टरची जाडी बरोबर २७.४६ मिमी हवी. मिररलेसवर जवळजवळ कुठलीही जुनी एसएलआर (आरशाच्या कॅमेऱ्याची) लेन्स बसते ती याच मोकळ्या जागेमुळे. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरचं (आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्याचं) गणित उलटं आहे. एफ माउंटचं अंतर ४६.५ मिमी, म्हणजे एम ४२ पेक्षा जास्त, त्यामुळे तिथे काच नसलेला अडॅप्टर लावला तर दूरचं फोकस होतच नाही. काच असलेला लावला तर ती सुमार काच चांगल्या लेन्सची माती करते. कॅननच्या ईएफला (४४ मिमी) दीड मिमीची पातळ रिंग चालते, फक्त फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) बॉडीत काही लेन्सचा मागचा भाग आरशाला लागत नाही ना, हे पाहावं लागतं.

स्वस्त अडॅप्टर बनवणारे जाडी मुद्दाम थोडी कमी ठेवतात. जाडी जास्त झाली तर लेन्स अनंतावर फोकसच होणार नाही आणि माल परत येईल. कमी असली तर लेन्स अनंताच्या पलीकडे जाते, आणि बहुतेक गिऱ्हाइकांच्या ते लक्षातही येत नाही.

इथला अडॅप्टर व्हर्नियरने चार ठिकाणी मोजला. लेन्स टेकते त्या कडेपासून कॅमेऱ्याला टेकणाऱ्या कडेपर्यंत डावीकडे २७.२० मिमी, उजवीकडे २७.३०, वर आणि खाली २७.२५. या चार आकड्यांत दोन दोष आहेत. सरासरी जाडी ०.२१ मिमीने कमी, आणि दोन बाजूंत ०.१० मिमीचा तिरकेपणा.

पहिल्या दोषाचा परिणाम प्रत्येक लेन्सवर वेगळा होतो. लेन्स अनंतापासून किती पुढे सरकली की कुठल्या अंतरावर फोकस होते, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: फोकल लांबीचा वर्ग भागिले सरकण्याचं अंतर. ३५ मिमीसाठी १२२५ भागिले ०.२१ म्हणजे सुमारे ५.८ मीटर. म्हणजे क्षितिज स्पष्ट हवं तर रिंग ५ मीटरच्या खुणेच्या जरा पुढे ठेवायची. अनंतावर टेकवली की चुकलंच. ५० मिमीला हीच खूण सुमारे १२ मीटरवर येते आणि १३५ ला ८७ मीटरवर, म्हणजे तिथे दोष असूनही जाणवत नाही. म्हणून तक्रार फक्त ३५ ची होती. एकाच अडॅप्टरवर रुंद लेन्स ‘खराब’ आणि टेलि ‘चांगली’ वाटली, तर आधी अडॅप्टरच मोजावा. फिल्मवर याच रिंगेला अनंतावर टेकवून बिनधास्त फोटो काढायची सवय होती, कारण मध्ये अडॅप्टर नव्हता.

हे दुरुस्त करावंच असं नाही. दर फोटोला व्ह्यूफाइंडरमध्ये पाहून फोकस करणार असाल, तर रिंगेवरचे आकडे चुकले तरी बिघडत नाही. पण ३५ मिमी गर्दीत, अंतर आधी लावून ठेवून वापरायची असेल तर शिम, म्हणजे जाडी भरून काढणारी पातळ पट्टी, घालणं योग्य. बहुतेक अडॅप्टर दोन भागांचे असतात: कॅमेऱ्याकडची बायोनेट प्लेट आणि बाकीचं नळकांडं, बारीक स्क्रूंनी जोडलेलं. प्लेट काढून त्या दोघांत शिम शीटची किंवा ॲल्युमिनियम टेपची अखंड कडी घालायची. तुकडे तुकडे घातले तर तिरकेपणा वाढतो. २७.४६ गाठायचा हट्ट नको, २७.४० ला थांबावं. जास्त झालं तर दूरचं फोकस कायमचं जातं, आणि ती चूक आधीच्या चुकीपेक्षा महाग.

दुसरा दोष, तिरकेपणा, उजव्या बाजूच्या मऊपणाला जबाबदार होता. पन्नासेक मिमी व्यासावर ०.१० मिमी म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण फ्रेमच्या टोकाला, मध्यापासून १८ मिमीवर, फोकसचं प्रतल सुमारे ०.०३६ मिमी सरकतं. एफ १.४ वर यामुळे पडणारा धूसर ठिपका ०.०२६ मिमीचा. ए७ III चा एक पिक्सेल ०.००६ मिमीचा, म्हणजे ठिपका चार पिक्सेल पसरतो. तोच एफ ८ वर एका पिक्सेलच्याही आत येतो. त्यामुळे उघड्या ॲपर्चरवर एक बाजू मऊ आणि बंद केल्यावर ठीक, असं दिसलं तर तिरकेपणाचा संशय घ्यावा.

खात्री करायची पद्धत अशी. ट्रायपॉडवरून सपाट पृष्ठभागाचा फोटो उघड्या ॲपर्चरवर काढायचा, मग कॅमेरा उलटा करून तोच फोटो परत. मऊ बाजू फ्रेममध्ये तीच राहिली तर दोष अडॅप्टरचा किंवा लेन्सचा. बदलली तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता. कोकणात ही चाचणी चिऱ्याच्या भिंतीवर करायचा मोह होतो, तो टाळावा. जांभ्याचा पृष्ठभाग इतका खडबडीत की त्यात काहीच कळत नाही. टाइल्सची भिंत किंवा काचेवर ताणून चिकटवलेली वर्तमानपत्राची पानं बरी. लेन्स की अडॅप्टर हे ठरवायला दुसरा अडॅप्टर लागतो, तो उसना मिळवावा.

इथे कारण साधं निघालं. एम ४२ आट्यांची आतली रिंग तीन ग्रब स्क्रूंनी (डोकं नसलेल्या बारीक स्क्रूंनी) धरलेली असते. लेन्स पूर्ण आवळल्यावर तिची खूण बरोबर वर यावी म्हणून ती फिरवता येते. कुणीतरी ती फिरवून खूण जुळवली होती, पण रिंग तळाला नीट न बसवताच स्क्रू आवळले होते. तिन्ही सैल करून, रिंग सपाट काचेवर दाबून धरून, थोडं थोडं आळीपाळीने आवळल्यावर फरक ०.०२ मिमीवर आला. व्हर्नियरची अचूकताही तेवढीच, म्हणून तिथे थांबलं.

पिवळी काच

५० मिमी एफ १.४ चा पिवळेपणा मात्र अस्सल काचेतला. या लेन्सची सुरुवातीची आवृत्ती आठ काचांची होती. नंतरच्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियम मिसळलेली काच वापरली. थोरियममुळे काचेचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची ताकद) वाढतो आणि वर्णविस्तार (रंग फाकणं) कमी राहतो. पण त्याच्या किरणोत्सर्गाने वर्षानुवर्षं काचेच्या रचनेत दोष तयार होतात, ते निळा प्रकाश शोषतात, आणि लेन्स चहाच्या रंगाची होते. यात अर्धा स्टॉप प्रकाश जातो, कधी त्याहून जास्त (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा).

मग हे फिल्मवर का दिसलं नाही? कृष्णधवल फिल्मवर पिवळी काच म्हणजे फुकटचा पिवळा फिल्टर, उलट आकाश थोडं गडदच होतं. रंगीत निगेटिव्हवर प्रिंट काढताना लॅब प्रत्येक फ्रेमचा रंग दुरुस्त करते. अल्बममधले गोरेगोमटे चेहरे अर्धे लेन्सचे आणि अर्धे लॅबच्या ऑपरेटरचे. डिजिटलवर ऑटो व्हाइट बॅलन्स काही अंशी तेच करतो, पण निळी वाहिनी जबरदस्तीने वर ओढल्यामुळे सावल्यांत नॉइज येतो आणि त्वचा मळकट दिसते.

उपाय अतिनील प्रकाश. थोरियमच्या काचा या लेन्सच्या मागच्या भागात आहेत, म्हणून मागची बाजू प्रकाशाकडे ठेवायची. दोन्ही टोप्या आणि पुढचा यूव्ही फिल्टर काढायचा. खाली ॲल्युमिनियम फॉइल, म्हणजे प्रकाश परत फिरेल आणि धातू कमी तापेल. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा यूव्ही एलईडी दिवा असेल तर काही दिवसांत फरक दिसतो. खिडकीतल्या उन्हात दोन-तीन आठवडेही लागू शकतात. यूव्ही दिव्याकडे डोळे लावून पाहू नये.

उन्हात ठेवणार असाल तर दोन धोके लक्षात असू द्यात. लेन्स हे भिंग आहे. लाकडी चौकटीवर किंवा पडद्याजवळ ठेवून दुपारी घराबाहेर गेलात तर आग लागू शकते. दुसरं म्हणजे मे महिन्याच्या भर दुपारच्या उन्हात फोकस यंत्रणेतलं ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरतं. सकाळचं ऊन पुरतं.

प्रगती डोळ्याने मोजू नका, डोळा रोजच्या पिवळ्याला सरावतो. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर पक्का करून, त्याच प्रकाशात त्याच पांढऱ्या कागदाचा रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला) फोटो चार-चार दिवसांनी काढायचा आणि लाल व निळ्याचे आकडे पडताळायचे. निळा वर येणं थांबलं की काम झालं. पिवळेपणा पुढे काही वर्षांत हळूहळू परत येतो, तेव्हा हेच पुन्हा करायचं.

किरणोत्सर्गाची भीती घालणारेही बरेच भेटतात. कॅमेऱ्यावर लावून वापरण्यात काळजीचं काही नाही. मात्र ही काच घासायची, पॉलिश करायची किंवा फोडायची नाही, कारण तिची धूळ पोटात किंवा फुप्फुसात जाणं हा खरा धोका. ती डोळ्याला लावायची आयपीस म्हणूनही वापरू नये, आणि उशाशी ठेवायचंही कारण नाही.

धुरकटपणा: बुरशी, वाफ आणि चकचकीत नळी

पिवळेपणा गेल्यावरही ५० मिमीचा कॉन्ट्रास्ट कमीच होता. ॲपर्चर पूर्ण उघडून, मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा मारून पाहिलं. पुढच्या गटाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, आणि पात्यांजवळच्या काचेवर एकसारखा पातळ थर. हा थर म्हणजे ग्रीसमधून उडालेलं तेल. बुरशी दिसते म्हणून तिला दोष मिळतो, पण कडेची थोडीशी बुरशी फोटोत जवळजवळ दिसत नाही. कॉन्ट्रास्ट खातो तो हा एकसारखा थर.

पुढचा गट काढायला नावाची रिंग रबरी साधनाने फिरवायची आणि आतल्या कडीला दोन टोकांचा लेन्स-पाना लावायचा. जपानी लेन्सचे स्क्रू जेआयएस प्रकारचे असतात, नेहमीचा फिलिप्स त्यांची डोकी खातो. काच काढताना ती कुठल्या बाजूने होती हे दर पायरीला मोबाइलवर टिपायचं. तेलाचा थर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि लेन्स टिश्यूने निघतो. बुरशीसाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने भिजवलेला टिश्यू मिनिट-दोन मिनिटं ठेवून पुसायचा आणि शेवटी अल्कोहोल. चिकटवलेल्या जोडकाचा द्रवात बुडवायच्या नाहीत. बुरशीच्या आम्लाने कोटिंगवर उमटलेला ओरखडा कशानेही जात नाही, तिथे थांबणं शहाणपणाचं. फोकसचे हेलिकॉइड (लेन्स पुढे-मागे सरकवणारे आटे) मात्र स्वतः उघडू नयेत. त्याचे आटे अनेक जागी लागू शकतात, आणि चुकीच्या आट्यात परत घातलं की अनंत गेलंच.

त्यानंतर राहिलेला धुरकटपणा अडॅप्टरचा होता. त्याची आतली भिंत काळी पण चकचकीत, आणि २७ मिमी लांब. खिडकीकडे तोंड करून मागून पाहिलं की आत उजेडाची कडी दिसते. तिथे काळा मखमली चिकट कागद लावला की काम होतं. तो ॲपर्चरच्या पिनेच्या (पाती बंद करणाऱ्या, लेन्सच्या मागच्या छोट्या दांड्याच्या) वाटेत येऊ द्यायचा नाही आणि त्याचे धागे सेन्सरवर पडू द्यायचे नाहीत.

इथे फिल्म आणि सेन्सरमध्ये एक मूलभूत फरक आहे. सेन्सरवरची काच फिल्मच्या इमल्शनपेक्षा (प्रकाश टिपणाऱ्या थरापेक्षा) बरीच चमकदार असते. तिच्यावरून परतलेला प्रकाश लेन्सच्या मागच्या काचेवर आदळून पुन्हा सेन्सरवर येतो. फिल्मसाठी बनवलेल्या लेन्सच्या मागच्या काचांचं कोटिंग या परतीच्या प्रकाशाचा विचार करून केलेलं नव्हतं. म्हणून प्रकाशाचा स्रोत चौकटीत असला की जुनी लेन्स फिल्मपेक्षा डिजिटलवर जास्त फिकट पडते. उपाय हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची सावली धरणारी कडी. तिन्ही लेन्सचा फिल्टर व्यास ४९ मिमी, त्यामुळे ५० आणि १३५ ला एकच धातूचा हूड चालतो. ३५ ला मात्र उथळ लागतो, नाहीतर कोपरे कापले जातात.

१३५ च्या पात्यांवरही थोडं तेल होतं. ही गंमतीची गोष्ट आहे, कारण हा दोष फिल्मवर त्रास देतो आणि डिजिटलवर नाही. स्पॉटमॅटिकमध्ये बटण दाबल्यावर क्षणात पाती बंद व्हावी लागतात. तेलाने ती रेंगाळली की फोटो जास्त उजळ येतो. मिररलेसवर पाती आधीच बंद असतात, त्यामुळे रेंगाळण्याचा प्रश्नच नाही.

मेनूतल्या चुका

ॲपर्चर ‘चालत नव्हतं’ कारण लेन्सवरचा छोटा खटका ‘ऑटो’वर होता. ऑटोवर पिन दाबली जाईपर्यंत पाती उघडीच राहतात. खटका ‘मॅन्युअल’वर केला की रिंगेप्रमाणे पाती बंद होतात आणि व्ह्यूफाइंडरमध्ये तसं दिसतं. ज्या एम ४२ लेन्सला हा खटकाच नसतो, उदाहरणार्थ रशियन झेनित कॅमेऱ्यांबरोबरच्या काही हेलिओस ४४एम-४, तिला पिन दाबणारी आतली कड असलेला अडॅप्टर लागतो.

१३५ चे फोटो हलत होते ते स्टेडीशॉटमुळे, म्हणजे सेन्सर हलवून हाताची थरथर भरून काढणाऱ्या सोयीमुळे. इलेक्ट्रॉनिक संपर्क नसलेल्या लेन्सची फोकल लांबी कॅमेऱ्याला कळत नाही. स्टेडीशॉट सेटिंग मॅन्युअलवर नेऊन प्रत्येक लेन्स बदलताना आकडा भरावा लागतो. १३५ वर ५० चा आकडा राहिला तर हालचाल अपुरी रोखली जाते. ३५ वर १३५ राहिला तर त्याहून वाईट, कारण कॅमेरा गरजेपेक्षा जास्त सेन्सर हलवतो. हे सेटिंग कस्टम बटणावर ठेवावं. अशी लेन्स कॅमेऱ्याला कळतच नाही, म्हणून ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करणं तर पहिलंच काम.

इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (शटरच्या पहिल्या पडद्याचं काम सेन्सरनेच करायचं सेटिंग) बंद करावा. उघड्या ॲपर्चरवर आणि १/१००० च्या पुढच्या वेगाला तो चालू असेल तर मागचे धूसर गोळे एका बाजूने कापल्यासारखे दिसतात आणि उजेड एकसारखा पडत नाही. इतर कंपन्यांच्या लेन्ससाठी तो बंद ठेवा, असं सोनीचं मॅन्युअलही सांगतं. तरी निम्मे लोक याचाही दोष जुन्या लेन्सला देतात.

फोकससाठी पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) विसंबू नये. एफ १.४ वर लेन्सची स्वतःची चमक इतकी असते की पीकिंग नाक, डोळा, कान सगळंच रंगवतं. दीड मीटरवर ५० मिमी एफ १.४ ची क्षेत्रखोली (किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं ते) जुन्या हिशेबाने ७.५ सेमी. पण हा हिशेब छोट्या प्रिंटचा. २४ मेगापिक्सेल पूर्ण आकारात पाहायचे तर त्याच्या निम्मी धरावी. लेन्सवर कोरलेल्या क्षेत्रखोलीच्या खुणांनाही हेच लागू: एफ ८ वर काढत असाल तर एफ ४ च्या खुणा वाचा. पीकिंगने जवळ यायचं, मग फोकस मॅग्निफायर बारापट करून पापणीवर थांबायचं. फोकस शक्यतो ज्या ॲपर्चरवर फोटो काढायचा त्यावरच करावा, कारण उघड्यावरून बंद करताना फोकस थोडा सरकतो.

अल्बमही इथे साक्षीला ठेवावा लागतो. त्यातले फोटो ४ बाय ६ इंचांचे. ६००० पिक्सेलचा फोटो साध्या मॉनिटरवर पूर्ण आकारात पाहणं म्हणजे ६० इंचांहून रुंद प्रिंट हातभर अंतरावरून पाहणं. तेवढी छाननी त्या निगेटिव्हची कधी झालीच नव्हती.

एकच लेन्स, फिल्म आणि सेन्सर

आता मूळ मागणी: ‘फिल्मसारखं’. हे ठरवायला एका रोलची चाचणी पुरते. स्पॉटमॅटिकमध्ये कोडॅक गोल्ड २०० चा ३६ चा रोल. मूळ मीटर मर्क्युरीच्या १.३५ व्होल्ट सेलवर चालायचा, तो सेल आता मिळत नाही. पण या मीटरचं सर्किट ब्रिज प्रकारचं, म्हणजे व्होल्टेज बदललं तरी वाचन न बदलणारं, असल्याने १.५५ व्होल्टचा ३९४ क्रमांकाचा सिल्व्हर ऑक्साइड सेल भोवती रबरी रिंग घालून चालतो. नाव स्पॉटमॅटिक असलं तरी मीटर स्पॉट नाही, सगळ्या चौकटीची सरासरी घेतो. सोनी त्याच भिंतीकडे रोखून, आयएसओ २०० आणि एफ ८ वर दोघांचे वेग पडताळून घ्यावेत. शटरचे पडदे कापडी असतात. १/१००० वर एक बाजू काळी येते का, हे रोल घालण्याआधी मागचं झाकण उघडून उजेडाकडे पाहून तपासावं.

चाचणीत एकच लेन्स, ५० मिमी एफ ४ वर, ट्रायपॉडवर, चार प्रसंग: सावलीतला चेहरा, मागून ऊन, दुपारचं पांढरं सुती कापड, आणि संध्याकाळी पिवळा बल्ब. प्रत्येक प्रसंग फिल्मवर चार वेळा: मीटरप्रमाणे, एक स्टॉप कमी, एक जास्त, दोन जास्त. सोनीवर तेच, रॉमध्ये. फिल्मच्या सोळा फ्रेम जातात.

रंगीत निगेटिव्ह दोन स्टॉप जास्त सहज पचवते, पांढऱ्या कापडाची वीणही राहते. एक स्टॉप कमी झाला की सावल्या चिखलासारख्या होतात आणि दाणा वर येतो. सेन्सरचं नेमकं उलटं. एक-दोन स्टॉप कमी असेल तर रॉमधून सावल्या निघतात, पण पांढरं एकदा फुटलं की परत येत नाही. म्हणून गोल्ड २०० ला मीटरवर १०० लावणं बरं, आणि सोनीवर झेब्रा (जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) १००+ ठेवून पांढरं वाचवणं. एकाच दिवशी दोन्ही कॅमेरे वापरणारा इथेच घसरतो, कारण हाताला एकच सवय लागलेली असते.

स्वच्छ केलेली जुनी लेन्स सेन्सरवर कमी कॉन्ट्रास्ट, उघड्यावरची चमक, मऊ कोपरे आणि गोळ्यांची वेगळी कड देते. हायलाइटचा हळू उतार, दाणा आणि रंगांचा कल ही फिल्मची देणगी. आणि स्कॅनचा शेवटचा रंग लॅब ठरवते. जुनी लेन्स लावली की डिजिटल फोटो फिल्मचा होतो, हा समज चुकीचा. तसंच खराब स्कॅन झालेली फिल्म डिजिटलपेक्षा ‘जिवंत’ दिसेलच, याचीही हमी नाही.

काय ठरलं

विधी, वरात, जेवणावळी डिजिटलवर आणि ऑटोफोकस लेन्सनेच. मंगलाष्टकांच्या शेवटच्या ‘सावधान’ला हाताने फोकस करायचं धाडस करू नये. जोडप्याच्या सत्रात ५० आणि १३५ सोनीवर, एफ २.८ ते ४. ३५ एफ ३.५ ला फारसं काम नाही. तिच्यात वेगळेपण कमी आणि आजची झूम तिच्याहून सरस आहे.

फिल्मचा एक रोल, वेगळ्या दराने. हिशेब सोपा आहे: रोल, धुलाई आणि स्कॅन यांची बेरीज भागिले ३६. समजा रोल ९०० रुपयांचा आणि धुलाई-स्कॅन ६०० चा, तर फ्रेमला सुमारे ४२ रुपये. त्यात कुरिअर, आणि एक रोल वाया जाण्याची शक्यता धरावी. गिऱ्हाइकाला आधीच सांगावं की लॅबचा साधा स्कॅन अनेकदा ६ मेगापिक्सेलच्या आसपास असतो, त्याचा भिंतभर प्रिंट होणार नाही. फिल्मवर टिपलेला प्रत्येक महत्त्वाचा क्षण सोनीवरही घ्यावा.

फ्लॅशबद्दल एक इशारा. स्पॉटमॅटिकला दोन सॉकेट आहेत, इलेक्ट्रॉनिक फ्लॅश ‘एक्स’मध्ये लावायचा आणि वेग १/६० किंवा कमी. पण त्या काळातला फ्लॅश न तपासता सोनीच्या हॉट शूवर (फ्लॅश बसवायच्या खाचेवर) कधीही चढवू नये. काही जुन्या फ्लॅशचं ट्रिगर व्होल्टेज २०० च्या वर असतं, नव्या कॅमेऱ्याचं सर्किट त्यात जळू शकतं. आधी फ्लॅश पूर्ण चार्ज करून मल्टिमीटरने मधली पिन आणि बाजूची कड यांतला व्होल्टेज मोजावा.

पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवायच्या नाहीत, चामडं ओल धरतं. ड्राय कॅबिनेटमध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रता योग्य. ते नसेल तर हवाबंद डबा, नव्याने तापवलेलं सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते.

शेवटचा निर्णय कपाटातल्या जुन्या निगेटिव्हचा होता. स्कॅनरऐवजी सोनीनेच त्यांचे फोटो काढता येतात. ३६ मिमी रुंदीवर ६००० पिक्सेल म्हणजे इंचाला सुमारे ४२०० ठिपके, घरगुती फ्लॅटबेडहून बरंच सरस. ५० मिमी टाकुमारला एम ४२ च्या ७, १४ आणि २८ मिमीच्या एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स पुढे नेणाऱ्या रिकाम्या नळ्या) जोडल्या की जवळजवळ मूळ आकाराची प्रतिमा मिळते. पण एफ १.४ ची ही लेन्स इतक्या जवळ सपाट वस्तूसाठी बनलेली नाही, एफ ८ वरही कोपरे मऊ राहतात. स्टुडिओत बंद पडलेल्या डार्करूममध्ये एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र) असेल तर त्याची लेन्स काढून घ्यावी. ५० मिमी एफ २.८ ची एल-निक्कोर मिळाली तर उत्तमच. तिचे आटे ३९ मिमीचे, ३९ ते ४२ च्या कडीने त्याच ट्यूबवर बसते आणि सपाट निगेटिव्हसाठीच बनलेली असते. एफ ८, ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला एलईडी पॅनेल, निगेटिव्हभोवतीचा उजेड काळ्या कागदाने झाकलेला, आणि शटरला दोन सेकंदांचा टायमर.